ठेवणींतल्या औषधाचें मोल

जून २०१८ मध्यें अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें ‘प्लाझोमायसिन’ नांवाच्या एका नव्या औषधास विक्रीची परवानगी दिली. मूत्रमार्गाचा गुंतागुंतीचा जंतुसंसर्ग व मूत्रपिंडाचा दाह या विकारांत, इतर औषधांनीं हात टेकले म्हणजे वापरावयाचें असें हें औषध होतें. दहा महिने पुरे होण्यापूर्वींच, १५ एप्रिल २०१९ रोजीं, तें निर्माण करणाऱ्या कॅलिफोर्नियांतील ‘अकाओजेन’ या कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज न्यायालयांत दाखल केला. औषध खोटें नव्हतें. त्याची रीतसर परीक्षा झालेली होती. रोग दुर्मिळ नव्हता. मूत्रमार्गाचा संसर्ग हा जगांतील अत्यंत सामान्य जंतुविकारांपैकीं एक होय. मग कंपनी बुडाली कां? या प्रश्नाचें उत्तर केवळ एका कंपनीच्या जमाखर्चांत सांपडत नाहीं. त्यासाठीं जंतु, औषधें आणि बाजार या तिघांच्या सव्वाशे वर्षांच्या सोबतीचा इतिहास चाळावा लागतो.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहणें इष्ट होईल. मनुष्याच्या आंतड्यांत ‘एशेरिशिया कोलाय’ नांवाचे जंतु निरुपद्रवीपणें नांदत असतात. तेच जंतु मूत्रमार्गांत शिरले म्हणजे मात्र अनर्थ करतात. तेथून ते मूत्राशयांत जातात आणि कांहीं वेळां मूत्रवाहिनीनें वर चढून मूत्रपिंडांत ठाण मांडतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग आंखूड असल्यामुळें त्यांना हा विकार अधिक जडतो. मुतखडा, मधुमेह, गर्भारपण किंवा वाढलेली पुरःस्थ ग्रंथि असल्यास धोका आणखी वाढतो. मूत्राशयापुरता संसर्ग असला तर लघवीला जळजळ होते, वारंवार जावेसें वाटतें. माणूस हैराण होतो, पण सहसा जिवावर बेतत नाहीं. मूत्रपिंडाला दाह झाला म्हणजे हुडहुडी भरून ताप चढतो, पाठीच्या एका बाजूस बरगड्यांखालीं दुखूं लागतें, उलट्या होतात. जंतु रक्तांत उतरले तर प्राणावरही बेततें.

या दोन अवस्थांतील फरक औषधांच्या दृष्टीनेंही महत्त्वाचा आहे. मूत्रपिंडें रक्त गाळून कित्येक औषधें लघवींत सोडतात. त्यामुळें रक्तांत अत्यल्प असलेलें औषधही लघवींत भरपूर सांचतें व मूत्राशयांतील जंतु मारूं शकतें. परंतु मूत्रपिंडाच्या मांसांत व रक्तांत शिरलेल्या जंतूंना मारावयाचें तर औषधही तेथवर पुरेशा प्रमाणांत पोंचलें पाहिजे. जें औषध मूत्राशयाला पुरतें तें मूत्रपिंडाला पुरेलच असें नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वैद्यांच्या हातीं विश्रांति, भरपूर पाणी आणि सौम्य मूत्रल द्रव्यें यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. आपल्याकडे गोखरूचा काढा आणि धन्याजिऱ्याचें पाणी घरोघर माहीत होतें. त्यांनीं आराम पडे, पण जंतूंचा नाश होत नसे. १८९४ सालीं आर्थर निकोलायर या जर्मन वैद्यानें मेथेनामीन नांवाचें रसायन या कामीं योजलें. हें रसायन आंबट लघवींत विघटन पावून त्यांतून फॉर्मॅल्डिहाइड सुटतें आणि तें जंतूंना मारतें. ‘यूरोट्रोपिन’ या नांवानें तें विकलें जाऊं लागलें. मूत्रमार्गाच्या रोगावर बाजारांत नांवारूपास आलेलें हें पहिलें रासायनिक औषध म्हणतां येईल. त्याची मर्यादा उघड होती. लघवी आंबट ठेवावी लागे आणि मूत्रपिंडाच्या आंतल्या दाहावर त्याचा इलाज चालत नसे.

खरी क्रांति झाली ती १९३५ सालीं. त्या वर्षीं गेरहार्ड डोमाक या जर्मन शास्त्रज्ञानें ‘प्रॉन्टोसिल’ या लाल रंगद्रव्याचा जंतुघ्न गुण जाहीर केला. थोड्याच दिवसांत पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, गुण रंगाचा नव्हे; शरीरांत त्या रंगापासून निघणाऱ्या सल्फॅनिलामाइडचा आहे. हें द्रव्य तर १९०८ पासून रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होतें. त्यावर कोणाचा मक्ता राहिलेला नव्हता. साहजिकच कारखानदारांची झुंबड उडाली आणि सल्फा औषधें हां हां म्हणतां जगभर पसरलीं. या घाईची किंमत लौकरच मोजावी लागली. १९३७ सालीं अमेरिकेंतील एका कारखान्यानें सल्फॅनिलामाइड हें डायएथिलिन ग्लायकोल या विषारी द्रवांत विरघळवून गोड औषध म्हणून विकलें. शंभरावर माणसें, त्यांत पुष्कळशीं मुलें, मूत्रपिंडें निकामी होऊन दगावलीं. त्यानंतर १९३८ सालीं अमेरिकेंत कायदा झाला आणि औषध निर्धोक असल्याचा पुरावा बाजारांत आणण्यापूर्वीं देणें भाग पडलें. मूत्रपिंडें बरीं करणाऱ्या औषधाच्याच नांवाखालीं मूत्रपिंडें गमवावीं लागलीं, असा हा दैवदुर्विलास होता.

त्याच १९३५ सालीं मुंबईंत ख्वाजा अब्दुल हमीद यांनीं ‘सिप्ला’ या नांवानें पुढें प्रसिद्धीस आलेली औषध कंपनी स्थापन केली. या नांवाची गांठ पुढें पुन्हां पडणार आहे.

सल्फाच्या पाठोपाठ पेनिसिलिन आलें. पण मूत्रमार्गांतील बहुतेक जंतूंवर त्याचा प्रभाव तोकडाच होता. ही उणीव अमेरिकेंतील रटगर्स येथें भरून निघाली. सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट शाट्झ यांनीं १९४३ सालीं मातींतील एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन काढलें. क्षयावरील औषध म्हणून त्याची कीर्ति झाली. परंतु मूत्रमार्गाच्या संसर्गावरही तें वापरलें गेलें. तेथेंच एक चमत्कारिक गोष्ट डॉक्टरांच्या नजरेस आली. उपचार सुरू झाल्यावर अल्पावधींतच जंतु त्या औषधास जुमानीनासे होत. लक्षावधि जंतूंमध्यें एखादा जन्मतःच चिवट असतो. बाकीचे मेले म्हणजे त्याला मैदान मोकळें मिळतें आणि त्याची संतति सर्वत्र पसरते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानांत अपुऱ्या मात्रेच्या या धोक्याची स्पष्ट सूचना दिली होती. सूचना ऐकिली सर्वांनीं, आचरली थोड्यांनीं.

पुढील तीस वर्षें औषधांच्या सुकाळाचीं होतीं. १९५३ मध्यें नायट्रोफ्युरँटॉइन आलें. १९६१ मध्यें अँपिसिलिन आलें. १९६२ मध्यें क्लोरोक्विन तयार करतांना हातीं लागलेल्या एका उपपदार्थाच्या धाग्यानें नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड सांपडलें. १९६८ मध्यें सल्फा व ट्रायमेथोप्रिम यांची जोडी इंग्लंडांत विक्रीस आली. भारतांतही पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला आणि पुढल्याच वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. एक औषध निरुपयोगी झालें तरी दुसरें तयारच आहे, असा भरंवसा त्या काळीं डॉक्टरांना, कारखानदारांना आणि रोग्यांनाही वाटत असे. जुन्याचा खप घटला कीं नव्याचा वाढे. जंतूंच्या चिवटपणाचा बाजाराला एका परीनें लाभच होता.

हा भरंवसा पोकळ असल्याची खूण जपानांत पटली होती. १९५९ सालीं तेथील संशोधकांना असें आढळलें कीं, प्रतिकाराची विद्या एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडेही जाऊं शकते. आंतड्यांतील निरुपद्रवी जंतु हे जणूं या विद्येचें भांडार होय. एकाला लाभलेलें कवच शेजाऱ्यालाही मिळतें. आणि एकाच देवघेवींत अनेक औषधांवरचीं कवचें हस्तगत होतात. मूत्रमार्गाचा संसर्ग करणारे जंतु आंतड्यांतूनच येत असल्यामुळें या शोधाचा आघात तेथें विशेष जाणवला. घशाच्या दुखण्यासाठीं घेतलेल्या गोळ्यांची किंमत पुढें मूत्रपिंडाला मोजावी लागते, ती अशी.

यानंतर फ्लोरोक्विनोलोन औषधांचा जमाना आला. जपानांत तयार झालेलें नॉरफ्लॉक्सासिन आणि बायर कंपनीचें सिप्रोफ्लॉक्सासिन हीं त्यांतील प्रमुख होत. सिप्रोफ्लॉक्सासिन १९८७ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें. या गोळीचा गुण असा कीं, तोंडानें घेतली तरी ती मूत्रपिंडाच्या मांसांत चांगली पोंचते. ज्या रोग्यास पूर्वीं रुग्णालयांत निजवून सुया टोंचाव्या लागत, त्याला घरीं राहून बरें होतां येऊं लागलें. भारतांत या औषधाचा प्रसार फार झपाट्यानें झाला. १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधाच्या द्रव्यावर पेटंट मिळत नसे, केवळ तें बनविण्याच्या रीतीवर मिळे. त्यामुळें देशी कारखानदारांनीं निराळ्या रीतीनें तेंच द्रव्य तयार करून अत्यंत स्वस्त विकलें. २००५ सालीं कायदा बदलला; पण तोंवर या गोळ्या गांवोगांवच्या दुकानांत पोंचल्या होत्या.

या स्वस्ताईनें असंख्य जीव वांचविले, ही गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे. महाग औषध गरिबाच्या कांहीं उपयोगाचें नसतें. परंतु स्वस्ताईबरोबर शिस्त आली नाहीं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून गोळ्या मिळत. दोन दिवसांत ताप उतरला कीं उरलेल्या गोळ्या फळीवर पडत. पुढच्या वेळीं त्याच गोळ्या शेजाऱ्याला दिल्या जात. सर्दीपडशावर, जेथें जंतुघ्न औषधाचा कांहीं एक उपयोग नाहीं तेथेंही, त्यांचा मारा होई. ‘अति तेथें माती’ ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरली. अमेरिकेंतील संसर्गरोग-तज्ज्ञांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत असें सांगितलें कीं, ज्या भागांत शेंकडा १० हून अधिक जंतु फ्लोरोक्विनोलोनला दाद देत नाहींत, तेथें मूत्रपिंडाच्या दाहावर केवळ त्याच गोळीवर विसंबून राहूं नये. भारतांतील अनेक रुग्णालयांत ही मर्यादा केव्हांच ओलांडली गेली होती.

दरम्यान सेफॅलोस्पोरिन वर्गाच्या औषधांचें पचन करून टाकणारे जंतु १९८३ मध्यें जर्मनींत वर्णिले गेले आणि पुढें सर्वत्र दिसूं लागले. त्यांवर तोडगा म्हणून कार्बापेनेम या ठेवणींतल्या औषधांकडे वळावें लागलें. तीं सुईवाटे द्यावयाचीं व महाग. २००८ सालीं, दिल्लींतील उपचारांनंतर स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रोग्याच्या लघवींत असा जंतु आढळला कीं, ज्यावर कार्बापेनेमचीही मात्रा चालेना. त्याच्या अंगच्या नव्या विकराला संशोधकांनीं दिल्लीचें नांव दिलें. त्या नांवावरून भारतांत मोठा वाद माजला. नांवाचा वाद कांहीं असो, ज्या रोगाची ही कथा आहे त्याच रोगाच्या लघवींत हा शत्रु प्रथम ओळखला गेला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुढें १ मार्च २०१४ पासून भारत सरकारनें ‘एच-१’ ही परिशिष्टयादी अमलांत आणली. कार्बापेनेम व वरच्या पिढीचीं सेफॅलोस्पोरिनें यांसह ४६ औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदारानें वेगळ्या वहींत ठेवावी, असा दंडक झाला.

आतां पुन्हां अकाओजेनकडे वळावयास हरकत नाहीं. प्लाझोमायसिन हें स्ट्रेप्टोमायसिनच्याच कुळांतलें. या कुळांतील जुन्या औषधांना निकामी करणारे जे विकर जंतूंनीं कमावले होते, त्यांपैकीं बहुतेकांचा वार चुकवील अशा रीतीनें त्याची घडण केलेली होती. मूत्रमार्गाचा गुंतागुंतीचा संसर्ग व मूत्रपिंडाचा दाह झालेल्या ६०९ रोग्यांवर मेरोपेनेम या मातबर औषधाशीं त्याची तुलना करण्यांत आली व तें त्याच्या तोडीस उतरलें. कंपनीला आशा होती ती मात्र दुसऱ्या ठिकाणीं. चिवट जंतु रक्तांत भिनलेल्या अत्यवस्थ रोग्यांसाठींही परवानगी मिळावी, म्हणजे औषधाला चांगला भाव येईल, असा तिचा हिशेब होता. परंतु असे रोगी प्रयोगासाठीं मिळवितांना तिची दमछाक झाली. त्या परीक्षेंत अवघे ३९ रोगी आले. तेवढ्या पुराव्यावर नियंत्रण खात्यानें ती परवानगी नाकारली.

उरला मूत्रमार्गाचा बाजार. तेथें जुनीं, स्वस्त औषधें अद्याप पुष्कळ रोग्यांना पुरत होतीं. नवें औषध वापरावयाचें तें अगदीं शेवटीं, असा डॉक्टरांचा शहाणपणाचा नियम. कारण तें सरसकट वापरलें तर त्याचीही गत सिप्रोफ्लॉक्सासिनसारखीच होणार. शिवाय मूत्रपिंडाच्या दाहावर औषध घ्यावयाचें तें आठवडा दोन आठवडे. रक्तदाबाच्या गोळीप्रमाणें जन्मभर नव्हे. परिणामीं २०१८ सालीं प्लाझोमायसिनची विक्री दहा लक्ष डॉलरांपर्यंतही पोंचली नाहीं. कारखाना, कारकून, विक्रेते आणि नियंत्रण खात्यानें सांगितलेल्या पुढील परीक्षा यांचा खर्च मात्र कोट्यवधि डॉलरांचा होता. कंपनी बुडाली ती औषध वाईट म्हणून नव्हे, तर तें जपून वापरावयाचें म्हणून.

या घटनेचा उपरोध पुढें आणखीच तीव्र झाला. दिवाळखोरीनंतर तीन महिन्यांच्या आंत, जुलै २०१९ मध्यें, जागतिक आरोग्य संघटनेनें अत्यावश्यक औषधांच्या यादींत प्लाझोमायसिनचा राखीव औषध म्हणून समावेश केला. जगाला जें अत्यावश्यक, तें बाजाराला नकोसें! ‘गरज सरो, वैद्य मरो’ असें म्हणतात. येथें तर गरज सरण्यापूर्वींच वैद्य मेला.

न्यायालयाच्या देखरेखीखालीं औषधाचे हक्क विकण्यांत आले. चीन व आसपासचा प्रदेश सोडून उर्वरित जगाचे हक्क सिप्लाच्या अमेरिकेंतील शाखेनें घेतले. त्यासाठीं रोख रक्कम अर्ध्या कोटि डॉलरांहूनही कमी पडली. शिवाय पुढील विक्रीवर कांहीं हिस्सा द्यावयाचा होता. ज्या औषधाच्या शोधांत अमेरिकन सरकारचे व भागधारकांचे कोट्यवधि डॉलर खर्च झाले, तें असें मातीमोलानें मुंबईच्या कंपनीकडे आलें. तरीही त्याचा मार्ग सुकर झाला नाहीं. युरोपांतील परवानगीचा अर्ज २०२० सालीं परत घेण्यांत आला. भारतांत विक्रीची परवानगी मिळण्यास २०२४ साल उजाडलें. आणि येथेंही एक अडचण आहेच. भारतांत आढळणाऱ्या, दिल्लीचें नांव मिळालेला विकर बाळगणाऱ्या पुष्कळ जंतूंजवळ आणखी एक कवच असतें व त्यापुढें प्लाझोमायसिनही हतबल ठरतें. म्हणजे हें औषध कांहींना तारील; सर्वांना तारणार नाहीं.

अकाओजेनचें उदाहरण एकटें नाहीं. २०१८ मध्यें नोव्हार्टिससारख्या बलाढ्य कंपनीनें जंतुघ्न औषधांचें संशोधन थांबविलें. २०१९ च्या डिसेंबरांत मेलिंटा ही आणखी एक कंपनी दिवाळखोरींत गेली. उलट बाजूस मृत्यूंचा आंकडा पाहिला तर २०१९ या एका वर्षांत औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लक्ष ७० हजार माणसें दगावलीं, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

मग यावर उपाय काय? इंग्लंडनें २०२२ पासून एक निराळी वाट धरिली आहे. तेथील सरकारी आरोग्यसेवा दोन नव्या औषधांसाठीं प्रत्येकीं वर्षाला १ कोटि पौंडांपर्यंत ठराविक रक्कम देते. मग औषध किती खपलें याचा हिशेब करीत नाहीं. गांवांत आग लागली नाहीं म्हणून बंबवाल्यांचा पगार कोणी कापीत नाहीं. तोच न्याय येथें लावलेला आहे. कारखानदाराला खप वाढविण्याचा मोह राहत नाहीं आणि औषध जपून वापरल्याबद्दल त्याला दंडही होत नाहीं. ही वाट श्रीमंत राष्ट्रांना परवडते. गरीब देशांना ती एकट्यानें चालतां येणार नाहीं, हें उघड आहे.

संशोधनही अगदींच थंडावलेलें नाहीं, आणि त्यांत भारताचा वांटा लहान नाहीं. चेन्नईच्या ऑर्किड कंपनींत शोधलेलें एन्मेटाझोबॅक्टॅम हें द्रव्य सेफेपिमच्या जोडीनें फेब्रुवारी २०२४ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें, तें याच रोगासाठीं. वोक्हार्ट कंपनीनें झिडेबॅक्टॅम हें द्रव्य पुढें आणलें आहे. मूत्रपिंडाच्या दाहावर पोटांत घेतां येईल अशा टेबिपेनेम या कार्बापेनेम गोळीची मोठी परीक्षा, गुण स्पष्ट दिसल्यामुळें, २०२५ मध्यें नियोजित वेळेपूर्वींच थांबविण्यांत आली. इतकेंच नव्हे, तर १८९४ सालच्या मेथेनामीनलाही पुन्हां दिवस आले आहेत. वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग टाळण्याच्या कामीं तें रोजच्या प्रतिजैविकांहून उणें पडत नाहीं, असें २०२२ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेनें दाखविलें. जंतूंना फॉर्मॅल्डिहाइडवर तोड काढणें अवघड जातें, म्हणून सव्वाशे वर्षांच्या या म्हाताऱ्याचा हात अजून चालतो.

तात्पर्य, मूत्रपिंडाच्या दाहाचा इतिहास हा केवळ औषधांच्या शोधांचा इतिहास नाहीं. प्रत्येक औषध हें विहिरीच्या पाण्यासारखें आहे: उपसा अमर्याद केला तर तळ लागतो, आणि तहान लागल्यावर विहीर खणूं म्हटलें तर वेळ निघून गेलेली असते. लघवीची जंतुपरीक्षा करून मगच योग्य औषध निवडणें, सांगितलेली मात्रा सांगितले तितके दिवस घेणें आणि उरलेली गोळी दुसऱ्याच्या हातावर न ठेवणें, इतकें तरी घरांतल्या माणसांच्या हातचें आहे. पण त्यापुढील प्रश्न समाजाचा आहे. जें औषध वापरलें न जाणें हेंच हिताचें, त्याचे पैसे कोणीं भरावयाचे? बाजारानें या प्रश्नाला दिलेलें उत्तर १५ एप्रिल २०१९ रोजीं कळलें. तें उत्तर अखेरचें मानावयाचें कीं नाहीं, हें आतां राज्यकर्त्यांनीं आणि त्यांना निवडून देणाऱ्या नागरिकांनीं ठरवावयाचें आहे.